समवर्ती सूचीचं पान

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं जे काम केलं, ते म्हणजे तुरीच्या शेंगा सोलल्या. त्यात विशेष काहीच नव्हतं. थंडीचे दिवस, दुपारचं ऊन छपरीत आलं होतं. ती चटईवर पाय पसरून बसलेली, मी खुर्चीत. माझ्या मांडीवर संविधानाचं जाड पुस्तक, तिच्या पुढ्यात शेंगांचा ढीग आणि तीन भांडी. परात म्हणजे केंद्र. गंज म्हणजे राज्य. मधली वेताची टोपली म्हणजे दोघांचं. मी पुस्तकातला एकेक विषय वाचायचा, तिनं एक शेंग सोलायची, आणि दाणे ज्या भांड्यात टाकले ते तिचं उत्तर. शेवटी तिन्हीतले दाणे एकत्र करून सोल्याची भाजी व्हायची, म्हणून चुकलं तरी वाया काही जात नव्हतं. पद्धत तिचीच. काम बी होते, अभ्यास बी होते, असं म्हणायची.

"रेल्वे," मी वाचलं. दाणे परातीत.

"पोलीस." गंजात.

"लग्न आणि घटस्फोट." टोपलीत.

"वीज."

टोपलीत.

"चुकलं!" मी ओरडलो. "राज्य! किती खेपा सांगू तुले? याच्यातच तं मागच्या खेपेला नापास झाली न तू!"

तिनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग टोपलीतले चार दाणे वेचले, गंजात टाकले आणि म्हणाली, "बरं बाप्पा, परीक्षक साहेब. तुमच्या पुस्तकात राज्य."

"माझ्या पुस्तकात म्हंजे? मी काय घरी बसून लिवलं का?"

"नाई लिवलं. वाचा पुढचं."

मी नाही वाचलं. पुस्तक धाडकन मिटलं आणि म्हणालो, "तुझ्या डोक्यात भुसा भरला हाय. दे चहा." तिनं उठून चहा दिला. उरलेल्या शेंगा टोपलीखाली झाकून ठेवल्या, उद्या करू म्हणून. पेपर सोळा दिवसांवर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीचं पाणी काढायला गेली आणि मोरीपाशी बसली ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाला, हृदय. मी म्हणालो, तिनं कधी काही सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाला, बायका सांगत नाहीत. मला त्याचा राग आला. पण खोटं नव्हता बोलला, हे पुढं समजलं.

हे लिहितो आहे मी, चौथी पास माणूस. बोलताना मी मले-तुले करतो, कागदावर मला-तुला लिहितो. ही शिस्त तिनं लावली. ती मास्तरीण होती. लग्न झालं तेव्हा दहावी होती, मग एकेक परीक्षा देत शाळेत लागली आणि तीस-बत्तीस वर्षं इथं रायपूरच्या एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. मी गुढ़ियारीच्या बाजारात तांदळाच्या गोदामात पोती शिवायचो. दाभण आणि सुतळी, बस. डोळे मिटून शिवायला सांगा, आजही सरळ टाका घालून दाखवतो. लोक म्हणायचे मास्तरीण आणि हमाल, जोडी कशी जमली. मी हमाल नव्हतो, शिवणारा होतो, पण लोकांना कोण समजावणार.

रिटायर झाल्यावर बायका देवळात जातात, भजनाला जातात. हिनं एक दिवस सांगितलं, "मी वकिलीला नाव टाकलं."

"कोनाच्या वकिलीले?"

"माझ्या. लॉ कॉलेजात."

"काहून?"

तिचं कारण ऐकून माझं डोकं फिरलं. म्हणे, तीस वर्षं मी पोट्ट्यांना तीन सूच्या पाठ करून घेतल्या, केंद्र सूची, राज्य सूची, समवर्ती सूची. एकदा एका पोट्टीनं विचारलं, 'मॅडम, ये किसने बाँटा और क्यों बाँटा?' आणि मी तिला गप्प बसवलं, कारण मला येत नव्हतं. ते अजून टोचतं.

आता सांगा. ती पोट्टी आज लेकरांची आई असेल. तिला आठवतही नसेल. आणि ही साठीनंतर सकाळी सातला पोळी बांधून कॉलेजात जाणार, कारण काय, तर टोचतं!

लेकीला फोन केला. लेक बिलासपूरला असते. मी मराठीत बोलतो, ती हिंदीत उत्तर देते, लहानपणापासून हेच. म्हणाली, "पापा, मम्मी को करने दो ना, आपको क्या तकलीफ है?" तकलीफ मला नव्हती. सकाळचा चहा कोण देणार, एवढंच विचारत होतो.

झालं सुरू. कॉलेजात पोरांमध्ये ही पांढऱ्या केसांची एकटीच. एक मैत्रीण झाली, आमच्याच पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, चाळिशीची, कोर्टाबाहेर टायपिंग करणारी छत्तीसगढी बाई. ती हिला दीदी म्हणायची, मला कका, म्हणजे काका. दोघी मिळून जायच्या, मिळून यायच्या. आणि घरी आल्यावर हिचं सुरू व्हायचं. मी जेवायला बसलो की हिला संघराज्य सुचायचं.

"तुम्हाले माहीत हाय का, आपलं राज्य तोडायले संसदेला साधा कायदा पुरते? कलम तीन. राज्याले विचारावं लागते, पण त्यानं काय म्हटलं ते ऐकावंच लागते असं नाही."

"म्हंजे तुझ्यावानी. विचारते मले, ऐकत नाही."

हसली. पण मला हसू आलं नाही, कारण ते खरं होतं. माझा बाप नागपूरकडून रायपूरला आला तेव्हा राज्य बदलून आला नव्हता, सगळं एकच होतं. मग नागपूर तिकडं गेलं. आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. मग छत्तीसगड झालं. घर तेच, दार तेच, दारासमोरचं निंबाचं झाड तेच, आणि मी न हलता माझं राज्य दोनदा बदललं. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगणार होतो ते जाऊ द्या, पण विचारायला काय जात होतं?

"मग या घरात केंद्र कोन?" मी एकदा विचारलं.

"मी."

"आन मी राज्य?"

"तुम्ही केंद्रशासित प्रदेश," असं म्हणून वरण वाढलं.

सगळ्यात जास्त डोकं मला त्या समवर्तीनं उठवलं. दोघांचा विषय, दोघंही कायदा करू शकतात. ठीक. पण दोघांचे कायदे भिडले तर? तर केंद्राचा खरा. "मग दोघांचं काहून म्हणता? सरळ सांगा न केंद्राचं हाय!" मी चिडायचो. ती शांतपणे म्हणायची, "असं नाही हो. भांडण होत नाही तोवर दोघांचंच असते. आणि राज्याला राष्ट्रपतीची मंजुरी भेटली तं त्या राज्यात राज्याचं बी चालते." यातलं मला अर्धं समजायचं आणि त्या अर्ध्याचाही राग यायचा.

आता पुस्तकाचं सांगतो, कारण घोळ तिथं आहे.

पुस्तक तिनं जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणलं. हिंदीतलं, चांगलं जाड. पण पाठ तुटलेली, पानं सुटलेली, आणि कोपरे वाळवीनं असे खाल्लेले की पानांचे नंबर गेलेले. ती म्हणाली, बाइंडरकडे देऊ. मी म्हणालो, घरात शिवणारा बसला असताना बाहेर काहून देतं? जन्मभर पोती शिवली, पुस्तक म्हणजे काय मोठं? मी पानं लावली. नंबर नव्हते तर ओळी जुळवल्या. जिथं ओळी जुळेनात तिथं विषयांचे आकडे पाहिले: या पानावर चोवीस संपलं, तर पुढच्या पानावर पंचवीस पाहिजे. एकेक पान लावत गेलो. मग दाभणानं भोकं पाडली, बारीक सुतळी ओढली, वर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर तांदळाच्या पोत्याचा तुकडा. असं पुस्तक बनलं की कॉलेजात पोरांनी हातात घेऊन पाहिलं. तीच सांगायची. गाडीखाली आलं तरी उसवणार नाही, असं मीही सांगायचो.

त्या पुस्तकावरून मी प्रश्न विचारायचो. मला वाचायला वेळ लागायचा, एकेक शब्दावर बोट ठेवून. "वाचून राहिले का झोपून राहिले?" ती विचारायची. मी विचारायचो, ती सांगायची. बरोबर असलं की मी पुढचं वाचायचो, चुकलं की ओरडायचो. बरोबर आहे हे सांगायचं काय असते? बरोबर तं बरोबर.

सुरुवातीला एक-दोन गोष्टींवर खूप भांडलो. शिक्षण. ती म्हणायची दोघांचं, मी म्हणायचो राज्याचं. "मी जन्मभर शिकवलं हो, दोघांचंच आहे." मी पुस्तक तिच्या नाकासमोर धरलं. चोवीसला उद्योग, पंचवीसला शिक्षण. वाच. ती विचारात पडली. म्हणाली, "आधी राज्यात होतं ते, मग दोघांत आणलं. पुस्तक जुनं असेल."

"पुस्तक जुनं नाही, तू जुनी झाली," मी म्हणालो.

मग जुगार आला दोघांच्या यादीत. ती हसली. "बघा, जुगार केंद्र बी खेळते, राज्य बी खेळते." मीही हसलो. हसण्यासारखंच होतं.

तीन वर्षांत सगळे पेपर निघाले. जमिनीचा, कराराचा, गुन्ह्याचा. संविधानाचा तेवढा राहिला. त्यात सप्लीमेंट्री आली. तीन मार्कांनी गेला. म्हणजे ज्या विषयासाठी साठीनंतर कॉलेजात गेली, तोच. एक मोठा प्रश्न होता म्हणे: राज्यानं विजेवर एक कायदा केला, संसदेनं दुसरा केला, दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध, तर कोणता टिकेल? हिनं लिहिलं, वीज राज्य सूचीत आहे, म्हणून राज्याचा टिकेल. आणि दोन पानं त्यावर लिहिली. सगळं गेलं.

मी त्या वेळी जे बोललो ते आता लिहायची लाज वाटते, पण लिहितो. मी म्हणालो, "वीज राज्यातच हाय. बरोबरच लिवलं तू. पण अक्षर असं कोंबडीच्या पायाचं असेल तं तपासणारा काय करनार!" तिचं अक्षर सुंदर होतं. फळ्यावर लिहायची तर पोरं पाहत राहायची.

तिनं गुणपत्रिका घडी करून ठेवली. दोन दिवसांनी कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन आली. येऊन माझं पुस्तक घेतलं, छपरीत बसली, बराच वेळ पानं मागं-पुढं करत होती. मग आत आली आणि विचारलं, "हे तुम्ही कसं लावलं हो? आकडे पाहून?"

"मग काय! चोवीसनंतर पंचवीस. डोकं लावावं लागते."

"छान शिवलंय," म्हणाली.

"मग वीज काय हाय?"

"माझंच चुकलं. मीच घाई केली लिहायची." आणि पुस्तक जागेवर ठेवलं.

मी सगळ्यांना सांगितलं. लेकीला, व्याह्यांना, गोदामातल्या जुन्या लोकांना. म्हणालो, बायको हुशार आहे पण घाई करते. तिच्यासमोर सांगितलं. ती तिथंच बसून भाजी निवडत होती.

त्यानंतर सप्लीमेंट्रीची तारीख लागेपर्यंत शेंगांचा खेळ तसाच चालला. मी वाचायचो. ती कधी टोपलीत टाकायची, मी ओरडायचो, ती काढून गंजात टाकायची. "तुमच्या पुस्तकात राज्य." असं दहा वेळा तरी म्हणाली असेल. दहाही वेळा मला वाटलं, चिडवून राहिली.

ती गेल्यावर घर कसं झालं ते सांगतो. तिनंच शिकवलं होतं, की जे कोणत्याच यादीत लिहिलेलं नाही ते सगळं केंद्राकडे जातं. उरलेलं सगळं केंद्राचं. मी तेव्हा म्हणालो होतो, हे बरं आहे, यादी संपली की तुमचं सुरू. पण खरं निघालं. गॅसचं पुस्तक कुठं आहे, हळद कोणत्या डब्यात, पाण्याची मोटर किती वेळ चालवायची, बिलासपूरच्या नातवाचा वाढदिवस कधी, दूधवाला कोणत्या दिवशी येत नाही. हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. सगळं तिच्याकडे होतं. आणि केंद्र उठून गेलं. मी तीन दिवस मीठ शोधलं. मिठावर 'साखर' लिहिलं होतं. मुंग्यांसाठी म्हणे, लेकीनं सांगितलं. मुंग्यांना वाचता येतं का? पण तिला विचारू कसं!

स्मशानात गेलो तेव्हाही डोक्यात तेच. स्मशान, राज्य सूची, दहावा आकडा. लोक रडत होते आणि माझ्या डोक्यात आकडा. मला माझीच लाज वाटली.

तेरवी झाली. तेरवीसाठी चार दिवस आलेली लेक दुसऱ्याच दिवशी परत गेली. जाताना म्हणाली, पापा, मृत्यु प्रमाणपत्र बनवून घ्या, पुढं प्रत्येक ठिकाणी लागेल. मी एकटा जाणार होतो, पण ती टायपिंगवाली मैत्रीण आली. "कका, मैं संग म चलहूँ, फारम मैं भर देहूँ." मी म्हटलं चल. फॉर्म भरण्यात ती पटाईत.

ऑफिसात लाइन. लाइनीत मी उभा, ती बाजूला. नंबर आला तर खिडकीतला माणूस कॉम्प्युटरकडे पाहत म्हणतो, "पोर्टल नहीं खुल रहा. कल आइए."

"कल क्यों?"

"ऊपर से बंद है, बाबूजी. दिल्ली का है. हमारे हाथ में नहीं."

बस. पंधरा दिवस जे गिळून बसलो होतो ते सगळं तिथं निघालं. मी खिडकीवर हात आपटला. म्हणालो, "दिल्ली का क्या संबंध? जन्म-मृत्यु की नोंद राज्य का विषय है! राज्य सूची, नंबर तीस! मेरे को मत सिखाओ! मेरी बायको वकिली पढ़ती थी, मैंने खुद उसको पढ़ाया है! किताब में लिखा है!"

पूर्ण ऑफिस पाहून राहिलं. खिडकीतला माणूस खुर्ची मागं सरकवून बसला. मला बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काही बरोबर केलं असं वाटलं.

तेवढ्यात ती मैत्रीण माझ्या कानाशी आली आणि हळूच म्हणाली, "कका, वो तीस नंबर तो समवर्ती म हे. राज्य म नइ हे."

"काय नाही? राज्यात हाय."

"नइ कका. दीदी मोला खुदे बताए रिहिस. दिल्ली के घलो हे, हमर घलो हे."

दीदीनंच सांगितलं म्हणे, की ते दिल्लीचंही आहे आणि आपलंही. मी म्हणालो, चल घरी, तुला पुस्तक दाखवतो. लाइन सोडली, काम सोडलं, पाय आपटत आलो. रस्ताभर तिला बोललो, की तुम्ही कॉलेजवाले असेच, वरवर वाचता. ती बिचारी "हव कका, हव कका" करत मागं.

छपरीत तिला बसवलं. पुस्तक काढलं. पान उघडलं, बोट ठेवलं. चोवीस, उद्योग. पुढं पंचवीस, शिक्षण. तीस, जन्म-मृत्यूची नोंद. अडतीस, वीज. "वाच! आता काय म्हणतेस?"

तिनं तिच्या पर्समधून एक छोटं पुस्तक काढलं, नुसती कलमं छापलेलं. ते माझ्या पुस्तकाशेजारी ठेवलं. दोन्हीवर बोट फिरवत राहिली. मग माझ्या पुस्तकातली पानं पुढं उलटली, समवर्ती सूचीपर्यंत गेली. तिथंही चोवीसनंतर पंचवीस. पण तिथला पंचवीस गॅस होता. पुढं बाजार. जत्रा. जुगार.

"कका," ती म्हणाली, "ये दू ठन पन्ना एक-दूसर के जगा म चले गे हे. दूनों पच्चीस ले चालू होथे न. सिलत बेरा म बदल गे."

दोन्ही पानं पंचवीसपासून सुरू होत होती, आणि शिवताना एकमेकांच्या जागी गेली होती. हेच. वाळवीनं कोपरे खाल्ले होते, मी आकडे पाहिले, चोवीसनंतर पंचवीस लावलं, आणि शिवून टाकलं. दाभणानं, सुतळीनं. गाडीखाली आलं तरी उसवणार नाही असं.

मी पुस्तक माझ्याकडे ओढलं. पानाच्या खाली, शिवणीच्या अगदी जवळ, शिसपेनानं बारीक लिहिलं होतं. इतकं बारीक की माझ्या डोळ्यांना दिसू नये. दिसलंही नव्हतं, एवढे महिने. तिचं अक्षर: "हे पान समवर्तीचं. शिवताना अदलाबदल झाली. राहू दे."

राहू दे.

पोरांच्या वहीत लाल पेनानं रेघोट्या मारणारी बाई. माझ्या पत्रातली वेलांटीसुद्धा सोडायची नाही. किराणावाल्याच्या पाटीवर चूक असली तर उभी राहून त्याला सांगायची. आणि माझी एवढी मोठी चूक, जिच्यामुळं तिचा पेपर गेला, ती शिसपेनानं आणि राहू दे!

मला रडू आलं नाही. राग आला. खरं सांगतो, अजूनही आहे. सांगायचं ना! तोंड नव्हतं का? मी ओरडलो असतो, दोन दिवस जेवलो नसतो, मग उसवून पुन्हा शिवलं असतं. अर्ध्या तासाचं काम. मी चार लोकांसमोर तुझी अक्कल काढून राहिलो आणि तू भाजी निवडत बसली. दाणे टोपलीतून काढून गंजात टाकत बसली, मला बरं वाटावं म्हणून. मी काय लेकरू होतो? आणि सोळा दिवसांनी पेपर होता, सगळं तुला येत होतं, पास झाली असती, मग सांगितलं असतं का मला? तेव्हाही नसतं सांगितलं.

हे सगळं मी मोठ्यानं बोललो की मनात, ते मैत्रिणीला विचारा. ती मान खाली घालून बसली होती. मग डोळे पुसून म्हणाली, "कका, काली मोर पेपर हे. मोरो उही पेपर रहि गे हे." उद्याच पेपर, आणि तिचाही तोच राहिला होता. "दीदी के किताब मोला देहू का? ए म ओखर हाथ के लिखे नोट हे."

म्हणालो, नाही.

तिनं पर्स उचलली. मी म्हणालो, "चुकीचं पुस्तक नाही देणार. अजून एक नापास करायची आहे का मले? सकाळी आणून देतो. किती वाजता निघतेस?"

"नौ बजे, कका."

दुसऱ्या दिवशी पहाटेच उठलो. टोपलीखालच्या शेंगा अजून तशाच होत्या, वाळून काळ्या पडलेल्या. लेक फेकणार होती, मी हात लावू दिला नव्हता. त्या बाजूला केल्या. पाटावर पुस्तक ठेवलं, जुन्या ब्लेडनं सुतळी कापली. टाका एवढा पक्का होता की बोट कापलं. दोन पानं काढली, उजेडात धरून पाहिली, अदलाबदल केली. शिसपेनाचं खोडू का म्हणून रबर शोधलं. रबरही केंद्राकडेच, सापडलं नाही. मग राहू दिलं. या खेपेला सुतळी घेतली नाही, साधा पांढरा दोरा घेतला, की पुढं कोणाला उसवायचं झालं तर उसवता यावं.

साडेआठला मैत्रिणीच्या दारात गेलो. ती एका हातात चहाची बशी, दुसऱ्या हातात कंगवा, अशी दारात आली. "कका, मोला देर होवत हे, भीतर रख देव."

मी आत नाही ठेवलं. पायरीवर बसलो, पुस्तक मांडीवर घेतलं, उघडलं. "तू केस विंचर. मी विचारतो."

"पूछव," ती म्हणाली.

"रेल्वे."

"केंद्र."

"जुगार."

"राज्य."

"वीज."

"समवर्ती."

मी बोट ठेवून पाहिलं. एकेक अक्षर वाचलं, वेळ लागला, ती कंगवा थांबवून उभी.

"बरोबर," मी म्हणालो, आणि पुढचं वाचलं.